अकादमीचं दार पुढे कुठे उघडतं?

मैदानावरून : वाचकांचे प्रश्न

शाळांच्या ॲडमिशन सुरू झाल्या की फुटबॉल अकादम्यांच्या ट्रायलच्या जाहिरातीही सुरू होतात आणि माझ्याकडे येणारी पत्रं एकाच विषयावरची होतात. यंदा त्यातली चार घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, त्याला इलाज नाही.

प्रश्न : सर, नमस्कार. मी वाकडला राहतो, नोकरी हिंजवडीत. मुलगा अकरा वर्षांचा. तीन वर्षं सोसायटीजवळच्या टर्फवर खेळतोय. गेल्या महिन्यात एका क्लबच्या निवासी अकादमीच्या ट्रायलमध्ये त्याचं सिलेक्शन झालं. वर्षाची फी ३ लाख २० हजार. शाळा बदलावी लागेल, घरी फक्त सुट्टीत. बायको म्हणते एवढ्या लहान वयात हॉस्टेल नको. माझे वडील म्हणतात, क्रिकेट असतं तर एक वेळ समजलं असतं. मुलगा म्हणतो, पाठवलं नाही तर जेवणार नाही. या अकादम्यांचा खरंच उपयोग असतो का, की नुसता धंदा? – एक पालक, वाकड

उत्तर : वडिलांना माझा नमस्कार सांगा. माझे वडीलही हेच म्हणायचे, फक्त क्रिकेटच्या जागी हॉकी असायची, कारण आम्ही खडकीचे. मुलाचं म्हणाल तर दुसऱ्या दिवशी दुपारी जेवेल.

आधी धंद्याचं बोलू. धंदा आहेच, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. गणिताची शिकवणी घेणारेही फुकट शिकवत नाहीत. बघायचं असतं ते एवढंच, की या धंद्यातलं गिऱ्हाईक कोण आहे. इंग्लंडमधले व्यावसायिक क्लब अकादमीत निवडलेल्या पोराकडून फी घेत नाहीत, उलट त्याच्यावर खर्च करतात. उद्या तो पहिल्या संघात खेळेल, नाहीतर दुसऱ्या क्लबला विकला जाईल, हा त्यांचा हिशोब. फिफाचा, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा, नियमच आहे, की खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात मोठ्या रकमेला गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के तो बारा ते तेवीस या वयात जिथे जिथे शिकला त्या क्लबांमध्ये वाटायचे. म्हणजे कुठल्याशा खेड्यातल्या क्लबालाही दहा वर्षांनी चेक येऊ शकतो. आपल्याकडून परदेशात असे किती जातात? मग अकादमीचं वीजबिल भरायचं कुणी? तुम्ही. तिकडे पोरगा तयार करून विकतात, इकडे बऱ्याच ठिकाणी पोराच्या बापाला जागा विकतात. सिलेक्शन झालं म्हणून हुरळून जाण्याआधी एक साधी चौकशी करा : त्या दिवशी ट्रायलला किती आले होते आणि किती जणांना ‘तुमचं झालं नाही’ म्हणून सांगितलं?

याला अपवाद आहेत. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ सालची. तिथे कंपनी पैसे घालते. भारताकडून खेळलेले रेनेडी सिंग, महेश गवळी, सुब्रत पाल ही सगळी तिथली पोरं. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची अकादमी २०१५ पासून स्कॉलरशिपवर मुलं घेते. आपल्या बालेवाडीत सरकारी क्रीडा प्रबोधिनी आहे. अशा ठिकाणी निवड झाली, तर निदान एवढं कळतं की निवडणाऱ्याने तुमच्या पाकिटाकडे बघितलेलं नाही.

आता उपयोगाचं. उपयोग होतो, आणि हे मी स्वतःच्या पराभवावरून सांगतो. माझ्याकडे फुटबॉल शिकायला बोपोडीचा एक पोरगा होता. डावखुरा, म्हणून सगळे त्याला डाव्या म्हणायचे. वडील रिक्षा चालवायचे. पाच वर्षं मी त्याच्या कानीकपाळी ओरडत होतो, की बॉल पायात यायच्या आधी मागे वळून बघ, तुझ्या पाठीवर कोण आहे ते. ऐकायचा, मान हलवायचा आणि पुन्हा बॉलकडे टक लावून उभा राहायचा. तेरा वर्षांचा असताना पुण्याबाहेरच्या एका अकादमीने त्याला घेतलं. नाव लिहीत नाही, तिथली माणसं वाईट नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत आला तेव्हा ग्राउंडवर उतरला आणि मी बघतच राहिलो. बॉल येईपर्यंत दोनदा खांद्यावरून मागे बघत होता, अर्धा वळून बॉल घेत होता, उजव्या पायानेही पास देत होता. सहा किलो वजन वाढलेलं. मला पाच वर्षांत जमलं नाही ते त्यांनी सहा महिन्यांत केलं. कसं? रोज दोन वेळा ग्राउंड, पोटभर अंडी-दूध आणि आजूबाजूला त्याच्याइतकीच, किंबहुना त्याच्याहून बरी वीस पोरं. माझ्याकडे तो सगळ्यांत भारी होता, म्हणूनच शिकत नव्हता. चांगल्या अकादमीत पोराला आपल्याहून सरस पोरांत राहायला मिळतं, आणि ते घरी आणून देता येत नाही.

दोन वर्षांनी मे महिन्यात त्याच्या वडिलांना फोन आला, की पुढच्या वर्षी अकादमी ‘कंटिन्यू’ होणार नाही. क्लबचा मोठा संघच गुंडाळला होता. ट्रंक, गादी आणि ट्रॉफ्यांची एक पिशवी घेऊन डाव्या वडिलांच्या रिक्षातून परत आला. दाखला मिळायला जुलै उजाडला. जुन्या शाळेत दहावीचे वर्ग भरले होते. वर्ष गेलं. आज तो चाकणला एका गोदामात सुपरवायझर आहे आणि रविवारी माझ्या बारक्या पोरांना शिकवतो. मागे म्हणाला, ‘सर, ती दोन वर्षं भारी होती. फुटबॉल सुटला त्याचं एवढं नाही, दहावी लांबली तेव्हा आई रडली त्याचं वाटतं.’

म्हणून माझा कटाक्ष एकाच गोष्टीवर असतो : अकादमीचं दार पुढे कुठे उघडतं? अकादमी म्हणजे जिना. वर मजलाच नसेल तर जिना संगमरवरी असून काय करायचं? पुण्यात आपण हे डोळ्यांनी पाहिलंय. पुणे एफसी २००७ ला आला आणि २०१५ पर्यंत आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली मुख्य फुटबॉल लीग, खेळला. त्या एका वर्षात भारत एफसी आला आणि गेलाही. शिवाजियन्स २०१७ पर्यंत आय-लीगमध्ये होते. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९, मग आयएसएल (इंडियन सुपर लीग) या बड्या लीगमधली ती जागा हैदराबादला गेली. सगळे बालेवाडीत खेळायचे. आज त्या स्टेडियममध्ये बसलात तर उत्तम खुर्च्या आहेत, पण टाळी वाजवायची तर आपल्या गावाचा संघ नाही. बरं, हे केवळ पुण्याचं दुखणं नाही. २०२५ च्या जुलैत खुद्द आयएसएलच थांबवून ठेवल्याचं जाहीर झालं आणि मोठमोठ्या क्लबांनी पहिल्या संघाचे पगार रोखले. वरच्या मजल्याची ही तऱ्हा असताना अकरा वर्षांच्या पोराला जिन्यावर उभं करायचं, तर चार गोष्टी विचारूनच.

टर्फ कुठल्या कंपनीचं आणि जिममध्ये मशीन किती, हे विचारू नका, ते ते स्वतःच सांगतील. विचारा की वर्षात मुलाला खऱ्या मॅच किती मिळतील आणि कुठल्या लीगच्या. सराव म्हणजे अभ्यास आणि मॅच म्हणजे परीक्षा असं आपल्याला वाटतं, पण फुटबॉलमध्ये मॅच हाच निम्मा अभ्यास असतो. विचारा की गेल्या तीन वर्षांत इथून बाहेर पडलेली पोरं आज कुठे आहेत. यशस्वी झालेल्या एकाचा फोटो भिंतीवर असेलच, तुम्ही बाकीच्या पंचवीस जणांचं विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला नाही, तर माझी निम्मी शंका मिटली. एका कोचमागे पोरं किती? पंधरा-सोळाच्या वर असतील तर तो कोच नाही, शिट्टीवाला वॉचमन आहे. त्याच्याकडे एआयएफएफचं, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं, कुठलं लायसन्स आहे? डी लायसन्स म्हणजे सुरुवातीची पायरी, तेवढंही नसेल तर तिथेच नमस्कार करा. आणि कागदावर घ्या, की अकादमी मध्येच बंद झाली तर फीचं काय, शाळेच्या दाखल्याचं काय आणि मुलाचं खेळाडू म्हणून केलेलं रजिस्ट्रेशन किती दिवसांत मोकळं करणार, म्हणजे तो दुसऱ्या क्लबकडून खेळू शकेल. फॉर्मवर सही करताना आपल्याकडे बाप फोटो काढण्यात गुंग असतो.

मत विचारलंत म्हणून सांगतो : या वर्षी नको. अकरा वर्षांच्या पोराचा खेळ आणि पंधरा वर्षांच्या पोराचा खेळ यांचा संबंध लावायला मीही धजत नाही. मधे उंची वाढते, गुडघे दुखतात, पाय एकमेकांत अडकतात आणि काल सगळ्यांना चकवणारा आज स्वतःच पडतो. ही दोन वर्षं त्याला घरचं जेवण, ओळखीची शाळा आणि आठवड्यातून चार दिवस बरा कोच पुरे. सोसायटीच्या टर्फवरून मात्र काढा. पिंजऱ्यातल्या टर्फवर बॉल जाळीला लागून परत येतो, त्यामुळे पोरांना बॉल बाहेर जातो हेच माहीत नसतं. मातीच्या किंवा गवताच्या मोठ्या मैदानावर न्या. तेराव्या वर्षी पुन्हा विचार करा, आणि तेव्हाही त्याने जेवण सोडायची धमकी दिली, तर मला कळवा.

प्रश्न : तुम्ही लोक अकादमी-अकादमी करता. इंग्लंडमधल्या ब्रेंटफर्ड क्लबने अकादमी बंद केली आणि तो प्रीमिअर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये गेला. तयार खेळाडू बाजारात मिळत असताना क्लबने पोरं सांभाळायचा उपद्व्याप का करावा? उत्तर मुद्देसूद द्यावे. – एक रात्रजागा प्रेक्षक, सदाशिव पेठ

उत्तर : पत्ता लिहिला नसतात तरी शेवटच्या वाक्यावरून पेठ ओळखली असती.

ब्रेंटफर्डची तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. २०१६ मध्ये त्यांनी अकादमी बंद केली, हे खरं. त्यांचं दुखणंही खरं होतं. लंडनमधला छोटा क्लब. आठव्या वर्षापासून पोरावर खर्च करायचा आणि सोळाव्या वर्षी मोठा क्लब येऊन ठरावीक दराची भरपाई टेकवून त्याला उचलून नेणार. २०१२ च्या नव्या नियमांनी तो दर ठरवून टाकला होता. म्हणून त्यांनी लहान गट बंद केले आणि एक ‘बी’ संघ काढला. त्यात कोण घेतले? इतर क्लबांच्या अकादम्यांनी सोडून दिलेली सतरा ते वीस वर्षांची पोरं. म्हणजे अकादमी निरुपयोगी आहे असं त्यांनी सिद्ध केलं नाही. शेजारणीचा स्वयंपाक तयार होता, म्हणून आपली चूल पेटवली नाही, एवढंच. सगळ्या गल्लीने चुली विझवल्या असत्या तर ब्रेंटफर्ड उपाशी राहिला असता. २०२१ मध्ये तो क्लब प्रीमिअर लीगमध्ये आला आणि २०२२ मध्ये त्याने अकादमी पुन्हा उघडली. हा उत्तरार्ध तुमच्या पत्रात नाही.

पैशाचा हिशोब आणखी गमतीचा आहे. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत क्लबच्या वह्यांत कराराच्या वर्षांवर वाटून मांडतात. घरच्या पोराची खरेदी किंमत शून्य, म्हणून तो विकला की आलेली सगळी रक्कम नफ्यात. लंडनच्या चेल्सी क्लबने सहाव्या वर्षापासून वाढवलेला मेसन माउंट २०२३ मध्ये मँचेस्टर युनायटेडला साडेपाच कोटी पौंडांना दिला. म्हणजे चांगली अकादमी काढायची आणि जमाखर्च जुळेना की घरचंच पोर आधी विकायचं. मला हे पटत नाही. पण तुम्ही ‘क्लबने का करावं’ असं विचारलंत, तर हे एक रोकडं कारण आहे.

मला पटणारं कारण स्पेनमधल्या बिल्बाओत दिसतं. ॲथलेटिक बिल्बाओ फक्त बास्क मुलखातले खेळाडू घेतो. त्यामुळे त्याला अकादमी काढायची की नाही, हा प्रश्नच पडत नाही. तरी स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली न उतरलेल्या तीन क्लबांत तो आहे. बाकीचे दोन रेआल माद्रिद आणि बार्सिलोना. मँचेस्टर युनायटेडच्या मॅचच्या संघात १९३७ पासून प्रत्येक वेळी निदान एक घरचा पोरगा राहिला आहे, मधे महायुद्ध येऊन गेलं तरी. असा एक पोरगा संघात असला की प्रेक्षक दोन चुका माफ करतो.

हे समजायला स्पेनला जायलाच पाहिजे असं नाही, कोल्हापूरची एसटी पकडा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमीची मॅच बघा (तिथे तालमींचेच फुटबॉल संघ असतात). तिथे अकादमी हा शब्द कुणी फारसा उच्चारत नाही. पोरगं तालमीच्या रंगाचा शर्ट घालून गल्लीत खेळतं आणि चार वर्षांनी तोच रंग घालून हजारो लोकांसमोर उतरतं. दार समोर दिसतं, त्यामुळे पोरं पळतात. मात्र एवढ्यावर भागत नाही, हेही खरं. अनिकेत जाधव कोल्हापूरचा. त्याला वेड तिथे लागलं, पण घडला तो बालेवाडीची क्रीडा प्रबोधिनी आणि मग पुणे एफसीची अकादमी असा. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात तो भारताकडून खेळला. त्याला घडवणाऱ्या क्लबचा संघ तोवर आय-लीगमधून गेला होता. आता यात अकादमी वाया गेली म्हणाल की सार्थकी लागली, ते पेठेतल्या कट्ट्यावर ठरवा. मी सार्थकी म्हणेन.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे. जवळच्या अकादमीत मुलींची बॅच नाही, मुलांबरोबर खेळवायला ते तयार आहेत. पाठवू का? – एक आई, हडपसर

उत्तर : पाठवा. या वयात काही बिघडत नाही, उलट पाय लवकर सुटतात. फक्त कपडे बदलायला वेगळी खोली आणि स्वच्छ बाथरूम आहे का, ते स्वतः जाऊन बघा. फोनवर सगळे ‘हो’ म्हणतात. वर्षभरात आणखी तीन-चार मुली आल्या तर वेगळी बॅच मागा, आणि त्या येईपर्यंत तुम्हीच दोघी-तिघींच्या आयांशी बोला. २०२२ मध्ये मुलींच्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाच्या मॅच नवी मुंबईत झाल्या तेव्हा मी आमच्या शाळेच्या चौदा मुलींना घेऊन गेलो होतो. परतीच्या बसमध्ये लोणावळ्यापर्यंत एकही झोपली नाही.

प्रश्न : सर, मी पंधरा वर्षांचा आहे. तीन वर्षं एका अकादमीत होतो. यंदा मला रिटेन केलं नाही. ‘फिजिक कमी पडतं’ म्हणाले. माझी जन्मतारीख १९ डिसेंबर आहे. मित्र सगळे अजून तिथेच आहेत. आता खेळण्यात अर्थ आहे का? स्टडचे बूट विकून टाकू का? – एक मुलगा, दापोडी

उत्तर : तू जन्मतारीख लिहिलीस ते बरं केलंस. मला वाटतं कुणीतरी तुला आधीच सांगितलंय, नाहीतर तू हुशार आहेस. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे तुझ्या गटातला जानेवारीत जन्मलेला पोरगा तुझ्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा. पंधराव्या वर्षी एवढ्या फरकात मिशी फुटते. जगभरच्या अकादम्यांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली पोरं जास्त आणि शेवटी जन्मलेली कमी दिसतात, ती देवाने जानेवारीत जास्त कौशल्य वाटलं म्हणून नव्हे. आता घरी वडिलांच्या आणि मामांच्या उंचीकडे जरा बघ.

इंग्लंडच्या जेमी वार्डीला सोळाव्या वर्षी शेफील्ड वेन्सडे या क्लबने उंची कमी म्हणून सोडलं होतं. पुढे तो कारखान्यात काम करत छोट्या क्लबातून खेळला आणि २०१६ मध्ये लेस्टरबरोबर प्रीमिअर लीग जिंकला. हे उदाहरण देताना माझी जीभ जरा अडखळते, कारण वार्डी एक झाला आणि त्याच्याबरोबर सोडलेल्या बाकीच्यांची नावं कुणाला आठवत नाहीत. तू वार्डी होशील असं मी म्हणत नाही. पण काढलं ते त्या अकादमीने, फुटबॉलने नाही. पुणे जिल्हा संघटनेच्या लीगमध्ये खालच्या डिव्हिजनला उतरणाऱ्या क्लबांना पोरं कमी पडत असतात. एखाद्यात जा. मोठ्या माणसांत खेळशील, पहिले दोन महिने ढकलून देतील, मग आपोआप बॉल लवकर सोडायला शिकशील. लहान चणीच्या पोराला ते आलं की वीस किलोने जड माणूसही त्याला गाठू शकत नाही. आणि दहावीचा अभ्यास कर. का, ते वर पहिल्या उत्तरात डाव्याबद्दल लिहिलंय, वाच.

मित्र तिथे आहेत, त्याचा त्रास होणार. रविवारी संध्याकाळी त्यांना नेहमीच्या ठिकाणी भेट, पण पहिला महिनाभर अकादमीच्या गेटवर जाऊ नकोस.

येत्या रविवारी सकाळी सहाला आमच्या खडकीच्या ग्राउंडवर ये. जागा संपादकांना विचार, ते सांगतील. तुझ्याच वयाची नऊ-दहा पोरं असतात आणि डाव्याही असतो. स्टड विकू नकोस. अगदी विकणारच असशील, तर नंबर कळव, इथे एक जण थोरल्या भावाचे दोन मोजे घालून वापरतोय.